फळ्यावरचं उणे पंचवीस

आमच्या लॅबच्या खिडकीत एक काळा फळा टांगलेला असायचा. शाळेतल्यापेक्षा लहान, किराणावाला भाव लिहून ठेवतो तेवढा. त्याचं तोंड प्लँटकडे होतं. एखाद्या बॅचचं रोटेशन मोजून झालं की लॅबच्या प्रमुख बाई त्यावर खडूने बॅचचा नंबर लिहीत आणि पुढे एक आकडा. प्लँटमधली माणसं चहाला जाता-येता तो आकडा बघत आणि माल दळायला घ्यायचा की थांबायचं ते ठरवत. कुणाला विचारायला लागत नसे. भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये, आग्रा रोडला लागून, आमचा कारखाना टायफॉइडवरचं औषध बनवी. त्याचा अर्धा कारभार त्या फळ्यावर चाले.

मी तिथे केमिस्ट म्हणून लागले तेव्हा गिरण्यांचा संप विरून दोनेक वर्षं झाली होती. संपला असं म्हणता येत नव्हतं, कारण संपल्याचं कुणी जाहीरच केलं नव्हतं. माझे वडील त्या संपातून जे घरी आले ते भांडुपच्या टेकडीवरच्या खोलीत बसून राहिले. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. फडताळात अंथरायला पत्रक, चण्यांच्या पुडीला पत्रक, माझ्या गणिताच्या वहीला कव्हर घातलं होतं तेही पत्रकाचंच. मी वाचायला शिकले ते ‘कामगार बंधूंनो’ या दोन शब्दांपासून. पत्रकातलं प्रत्येक वाक्य छाती काढून उभं असतं. हे खरं, ते खोटं. हे आपले, ते त्यांचे. त्या भाषेने मला ताठ राहायला शिकवलं आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. पण एक गोष्ट तिला सांगता येत नव्हती. ती मला बाईंनी शिकवली, लॅबच्या कोपऱ्यात, काळ्या पडद्याच्या आड.

रोटेशन म्हणजे काय ते इथे सांगायला हवं, पुढचं सगळं त्यावर आहे. साधा प्रकाश सगळ्या दिशांनी थरथरत येतो. विशिष्ट लोलकातून सोडला की तो एकाच प्रतलात थरथरतो. असा प्रकाश काही पदार्थांच्या द्रावणातून गेला की ते प्रतल थोडं वळतं. उजवीकडे वळलं तर अधिक, डावीकडे वळलं तर उणे. यंत्राच्या एका टोकाला सोडियमचा पिवळा दिवा, मध्ये द्रावणाने भरलेली काचेची नळी, दुसऱ्या टोकाला तुमचा डोळा. समोरच्या वर्तुळाचे दोन्ही अर्धे सारखे उजळ दिसेपर्यंत चकती फिरवायची आणि अंश वाचायचे.

आमचं औषध बनताना मधल्या टप्प्यावर जुळी भावंडं तयार होत, एक दुसऱ्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखं. एकापासून औषध होई. दुसऱ्यापासून जे होई त्याने तापाचे जंतू ढिम्म हलत नसत. रंग तोच, चव तीच, वितळायचं तापमान तेच. हा उलटा माल लाल पट्ट्याच्या ड्रममध्ये वेगळा ठेवलेला असे. तो चुकून रिॲक्टरमध्ये, म्हणजे औषध बनायच्या टाकीत, गेला तर ते डोळ्यांना, जिभेला, वजनकाट्याला कळायचं नाही. रोटेशन तेवढं सांगायचं.

आणि पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला दाखवलं की रोटेशनसुद्धा एकटं काही सांगत नाही. एकाच बाटलीतली पावडर त्यांनी दोन नळ्यांत घातली. एका नळीत अल्कोहोल, दुसऱ्या नळीत एथिल ॲसिटेट. अल्कोहोलमध्ये अधिक एकोणीस. ॲसिटेटमध्ये उणे पंचवीस. मी परत परत वाचून पाहिलं. पावडर तीच, रेणू तोच, आणि प्रकाश एकदा उजवीकडे वळत होता आणि एकदा डावीकडे.

“मग यातलं खरं कुठलं?” मी विचारलं.

“दोन्ही,” बाई म्हणाल्या. “फक्त कशात विरघळवलंय ते सोबत सांगायचं. ते न सांगता नुसता आकडा सांगितलास तर काहीच सांगितलं नाहीस.”

द्रावकाचे रेणू औषधाच्या रेणूला सगळीकडून धरून बसतात, त्याचे हातपाय कुठे वाकलेले राहतील ते ठरवतात, आणि त्यावर प्रकाश कुठे वळेल ते ठरतं. हे मी नंतर वाचलं. तेव्हा मी नुसती अस्वस्थ झाले होते. मला पत्रकात बसणारं सत्य हवं होतं.

आता बाईंचा फळा. सरकारमान्य पुस्तकात या औषधाची कसोटी अल्कोहोलमध्ये घ्यायला सांगितलेली होती. पण अल्कोहोल म्हणजे दारू. ते कुलपात असे, कुलपावर सील असे आणि सरकारच्या एक्साइज खात्याचा माणूस आल्याशिवाय ते उघडत नसे. तो यायचा त्याच्या सोयीने. बॅच त्याच्यासाठी थांबत नसत. ॲसिटेट मात्र प्लँटमध्ये ड्रमच्या ड्रम होतं, औषध धुवायला तेच लागे. तेव्हा लॅबची पूर्वीपासूनची रीत अशी की रोटेशन ॲसिटेटमध्ये बघायचं आणि फळ्यावर आकडा लिहायचा. द्रावकाचं नाव लिहीत नसत. सगळ्यांनाच ते माहीत होतं. उणे पंचवीस दिसलं की प्लँटमधला माणूस खूश होऊन बिडी ओढायला जाई. अल्कोहोल असलं तर शेवटची कसोटी त्यात होई. नसलं तर बाई ॲसिटेटच्या आकड्यावरच सही करत. औषध चोख असे, पण पुस्तकाबाहेरचं असे.

रिॲक्टरवर एक ऑपरेटर होते, माझ्या आईच्या गावचे. गावच्या नात्याने मी त्यांना मामा म्हणायची. राहायलाही आमच्याच चाळीत, दोन खोल्या सोडून. मालवणीत बोलायचे आणि जोरात बोलायचे, रिॲक्टरच्या आवाजाने कान गेले होते. त्या वर्षी माल वाळवायच्या खोलीतला हवा बाहेर फेकणारा पंखा बंद पडला. ॲसिटेटच्या वाफेने माणसं गरगरून बाहेर यायची, एक जण दारातच आडवा झाला. मामांनी पुढे होऊन सांगितलं, पंखा चालू झाल्याशिवाय त्या खोलीत कुणी जाणार नाही. कुणी गेलं नाही. माल साठत राहिला.

त्याच सुमाराला नवे वर्क्स मॅनेजर आले. कंपनीच्या साबणाच्या कारखान्यातून बदली होऊन आले होते, हुशार होते, कधी आवाज चढवत नसत. त्यांनी येताच औषधांचं पुस्तक मागवून घेतलं. एका सकाळी ते फेरी मारताना फळ्यासमोर थांबले. मामांनी काढलेल्या ताज्या बॅचपुढे उणे पंचवीस लिहिलेलं होतं. पुस्तकात अधिक होतं. दुपारच्या आत मामांचं हजेरीचं कार्ड काढून घेतलं आणि गेटवर नोटीस लागली. आरोप असा की पंख्याच्या भांडणात कंपनीला धडा शिकवायला त्यांनी मुद्दाम लाल पट्ट्याचा ड्रम घातला.

मी धावत साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पुस्तकात अधिक आहे ना?”

“अल्कोहोलमध्ये, सर. आणि उलटा माल अल्कोहोलमध्ये असता तर उणे एकोणीस आला असता. पंचवीस हा आकडा अल्कोहोलमध्ये येतच नाही. तो ॲसिटेटचाच.”

“म्हणजे तुम्ही लोक कसोटी पुस्तकाप्रमाणे घेत नाही.”

माझ्यासमोर दोन दारं होती आणि दोन्हींवर त्यांनी बोट ठेवलं होतं. एकातून मामा बाहेर जाणार होते, दुसऱ्यातून लॅब, म्हणजे बाई.

एक्साइजचा माणूस आल्यावर मी त्या बॅचच्या राखून ठेवलेल्या नमुन्याची अल्कोहोलमध्ये कसोटी घेतली. अधिक एकोणीस. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, नमुना लॅबच्या ताब्यात होता, तुम्ही आणि तो माणूस एका गावचे, एका चाळीतले. बदलला नाही कशावरून? ते हसून म्हणाले हे, जणू मला या विषयातून सोडवत होते.

बाई दोन दिवस फळ्यावर काहीच लिहीत नव्हत्या. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. मला म्हणाल्या, “मी खोटं बोलणार नाही. पण विचारल्याशिवाय बोलणारही नाही. ज्याला मामाला वाचवायचंय त्याने मला एवढंच विचारावं, बाई, हे कशात मोजलं? मी सांगीन.” मला तेव्हा वाटलं, एवढं तर कुणीही विचारील.

संध्याकाळी मामांना समजावायला बसले. मामी मागे कुळीथ निवडत होत्या. मी पाणी आणि तेल घेतलं, आरसा घेतला, हात उजवा-डावा करून दाखवला. मामा फार लक्ष देऊन ऐकत होते.

“म्हणजे गो बाय,” शेवटी ते म्हणाले, “ती पावडर दारू पिली काय उजवीकडे झोकांडता, आणि ॲसिटेट हुंगल्यान काय डावीकडे?”

“तसंच समजा.”

“मगे माझा काय चुकला? मी तर शुद्धीत होतंय.”

मामी हसल्या. मीही हसले. त्या खोलीत त्या महिन्यात तेवढंच हसू झालं असेल.

मग मी मला जे येत होतं ते केलं. पत्रक लिहिलं. ‘उणे म्हणजे गुन्हा नव्हे’ असा मथळा दिला आणि खाली रोटेशन, दोन द्रावक, जुळी भावंडं, सगळं सोप्या भाषेत. लॅब ॲसिटेट वापरते हेही लिहिलं, कारण ते खरं होतं आणि त्याशिवाय बाकीचं खरं उभंच राहत नव्हतं. घाटकोपरच्या एका छापखान्यात दिलं. टाइप जुळवणाऱ्याकडे अंशाची खूण नव्हती, त्याने प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर बारकं शून्य बसवलं आणि मला विचारलं, ही जत्रेतल्या लॉटरीची जाहिरात का. गेटवर मी स्वतः वाटलं. पत्रक घेणं ही आमच्याकडे रीत आहे, सगळ्यांनी घेतलं. पॅकिंगमधल्या एकीने पूर्ण वाचलं आणि म्हणाली, “अगं, यात मामा निर्दोष आहेत असं कुठे लिहिलंय?” ते दुसऱ्या पानावर होतं. पत्रकाला दुसरं पान नसतं. वडिलांनी घरी वाचलं आणि घडी करून उशाखाली ठेवलं.

तीन-चार दिवसांनी युनियनच्या सेक्रेटरींनी बोलावलं. विक्रोळीला त्यांचं ऑफिस, म्हणजे पिंपाच्या दुकानावरचा एक पोटमाळा. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या टेबलावर माझं पत्रक होतं.

“मला हे कळलं नाही, ते सोड,” ते म्हणाले. “पण ज्याला कळेल त्याला काय कळेल, याचा विचार केलास? त्याला कळेल की आपली लॅब पुस्तक सोडून औषध पास करते. तुझ्या साहेबाला कळलंय. काल मला बोलावून हेच तुझं पत्रक वाचून दाखवलं त्याने. म्हणाला, पोरगी खरं सांगत असेल तर मला ड्रग इन्स्पेक्टरला कळवावं लागेल. लायसन जाईल. गेट बंद. वर मलाच विचारतो, काय करू, कळवू का?”

“कळवू दे. नंतर चालू होईल.”

“तुझ्या बापाची गिरणी झाली चालू?”

मी टेबलावरचं पत्रक उचलून पिशवीत घातलं. ते पत्रक छापल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण एवढं कळलं की मी सत्य गेटवर वाटलं होतं आणि ते साहेबांच्या हातात पडून मामांच्या विरोधात वळलं होतं. त्यातला एक शब्दही कुणी बदलला नव्हता.

चौकशी कंपनीच्या मीटिंग रूममध्ये झाली. चौकशी अधिकारी म्हणून फोर्टहून एक वकील आले होते, कामकाज इंग्रजीत. साक्षीदारांत माझं नाव नव्हतं, कंपनीने दिलं नव्हतं आणि युनियननेही नाही. मामांनी मग स्वतःच सांगितलं, मला इंग्रजी येत नाही, ही पोर मला सांगेल. वकील म्हणाले, हरकत नाही, पण तिने फक्त भाषांतर करायचं, स्वतःचं काही बोलायचं नाही. मला ते मान्य करायला लावलं. मी मान्य केलं. निदान खोलीत तरी असेन, असं वाटलं.

मामांच्या बाजूला सेक्रेटरी बसले होते. कामगाराच्या वतीने उलट प्रश्न विचारायचा हक्क त्यांचा. बाईंना आत बोलावलं. त्यांनी चांगली साडी नेसली होती, शाळेतल्या बक्षीस समारंभाला नेसतात तशी.

फळ्यावरचं अक्षर तुमचं का? हो. आकडा किती होता? उणे पंचवीस. पुस्तकात काय आहे? अधिक. मी मामांच्या कानात एकेक सांगत होते, जरा मोठ्याने, त्यांना ऐकू यावं म्हणून. टाइपिस्ट टाइप करत होता. कंपनीचे प्रश्न संपले. वकिलांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. त्या खुर्चीत सरळ झाल्या, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला माहीत होतं त्या कशाची वाट बघत होत्या. चार शब्दांचा प्रश्न होता. मी तो सेक्रेटरींना पोटमाळ्यावरून उतरताना एकदा, आणि त्या सकाळी गेटवर पुन्हा सांगितला होता.

सेक्रेटरींनी समोरचा कागद उलटा केला आणि म्हणाले, “नो क्वेश्चन्स.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. माझं काम भाषांतराचं होतं.

“त्यांना काही विचारायचं नाहीये, मामा.”

“नाय? कित्याक नाय?”

वकिलांनी मला विचारलं, काय म्हणतोय तो. मी इंग्रजीत सांगितलं, का नाही असं विचारतायत. वकील म्हणाले, हा प्रश्न कामकाजात घेता येत नाही. हेही मी मामांना सांगितलं. बाई आणखी थोडा वेळ बसून राहिल्या, मग कुणीतरी जाता येईल म्हटल्यावर उठल्या.

पुढचं सगळं त्या खोलीच्या बाहेर ठरलं. नजरचुकीने लाल पट्ट्याचा ड्रम घातला गेला असं मामांनी लिहून द्यायचं, स्वखुशीने नोकरी सोडायची, म्हणजे बडतर्फीचा डाग लागणार नाही. कंपनी लॅबच्या गोष्टीत पडणार नाही. पंखा शक्य तितक्या लवकर. सेक्रेटरी चाळीत येऊन समजावून गेले. ते गेल्यावर मी मामांशी भांडले. म्हटलं, तुम्ही न केलेली गोष्ट लिहून देऊ नका, जी त्या रिॲक्टरमध्ये घडलीच नाही ती घडली म्हणून कागदावर जाईल, मग ती कुणालाच पुसता येणार नाही. लेबर कोर्टात जाऊ. मी बोलेन, तिथे मला कुणी अडवणार नाही.

“तू बोलशीत गो,” मामा म्हणाले. “पण गेटाआत इतक्या जणांची चूल आसा. ती इझली तर तुझ्या बोलण्यान पेटात?”

त्यांनी सही केली. मालवणीत बोलणाऱ्या माणसाने इंग्रजी मजकुराखाली मराठीत सही केली.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत साहेबांनी मला बोलावलं. बाई रजेवर होत्या. साहेब म्हणाले, लॅबमध्ये यापुढे सगळं पुस्तकाप्रमाणे. एक्साइजशी बोलून अल्कोहोलची सोय केली होती. एक अडकलेली बॅच आहे, तेवढी आज करून टाका. नंबर बघितला. मामांचीच बॅच.

काळ्या पडद्याआड जाऊन मी नळी भरली. दिवा तापून पिवळा होईपर्यंत थांबले. वर्तुळाचे दोन्ही अर्धे सारखे झाले तिथे वाचलं. अधिक एकोणीस. साहेबांना जाऊन सांगितलं.

“म्हणजे पास.”

“पास. म्हणजे लाल पट्ट्याचा ड्रम कुणी घातला नव्हता, सर.”

“त्यांनी स्वतः लिहून दिलंय,” साहेब म्हणाले. “मी त्यांना खोटं कसं म्हणू?”

त्यांनी कागद पुढे सरकवला. मी खूप विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं. पण विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. औषध चोख होतं. कुठल्यातरी गावात ताप न उतरणारं कुणीतरी त्याची वाट बघत असेल. सही नाकारली असती तर मीच खोटं बोलले असते. मी सही केली. साहेबांना जे अधिक एकोणीस माझ्याकडून केबिनमध्ये, पत्रकात, नमुन्याच्या बाटलीत नको होतं, तेच आता त्यांना हवं होतं, आणि ते त्यांना मिळालं.

घरी जाताना मामांकडे गेले. दुसरीकडे कुठे काम लागलं नव्हतं, खोलीतच होते. त्यांना सांगितलं, तुमची बॅच पास झाली, माल गेला.

त्यांचा चेहरा उजळला. “बघ,” ते मामींना म्हणाले, “मी सांगी होतंय. माल नासलो नाय.” मामींनी मान हलवली. हातातलं काम त्यांनी थांबवलं होतं.

मग मामा माझ्याकडे वळले. आवाज एकदम खाली आला होता, त्यांच्या मानाने.

“मगे आता माका परत बोलवतीत?”

मला वाटलं होतं, त्यांना सही करताना सगळं कळलं होतं. कळलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं ते कागद भांडण मिटेपर्यंतचे आहेत, माल तपासला की आपोआप रद्द होतील. इतकी वर्षं त्यांनी फळा बघूनच पुढचं काम हाती घेतलं होतं.

“नाही मामा,” मी म्हटलं.

त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कान पुढे केला. मला ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.